चार सेकंद

अनुप माणसाचं तोंड नंतर बघायचा. आधी हात बघायचा. कोपराच्या आतली शीर उठून दिसते की चाचपावी लागते, हे त्याला समोरच्यानं जयभीम म्हणायच्या आत कळलेलं असायचं. बारामतीच्या एका रक्तपेढीत तो सात वर्षं तंत्रज्ञ होता. राहायला शेजारच्या जळोचीत, एका खोलीत. गाव इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. तिथं वडील साहेबराव, पोरांचे आबा, शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. आई भागुबाई. आणि धाकटी बहीण साक्षी.

त्याचा हात हलका होता. शिबिरात लोक दुसरी रांग सोडून त्याच्या रांगेत येऊन उभे राहायचे. चौदा एप्रिलला निरवांगीच्या विहारात रक्तदान शिबिर व्हायचं, ते त्यानंच सुरू केलं होतं. वंदना झाली की खाटा मांडायच्या. पहिल्या वर्षी नऊ माणसं आली. गेल्या वर्षी एकशे बारा. त्यात वरच्या आळीतले ऊसवाले बागायतदारही होते. म्हातारी माणसं लांब उभं राहून टोमणे मारायची.

"आरं अनुप, एवढं रगत काढून न्हेतोस, उद्या ऊसाला पाणी कोण धरणार, तुजा बाप?"

"तात्या, तुमचं घेतच न्हाय मी. तुमच्यात नुसता चहा हाय."

लोक हसायचे. हसताना सुई गेलेली कळायची नाही.

कामात मात्र तो हसायचा नाही. पिशवी रुग्णाकडं पाठवण्याआधी तो ती ट्यूबलाइटखाली धरायचा. पिशवीला बोटभर नळी जोडलेली असते. नळीतलं रक्त आणि पिशवीतलं रक्त एकाच रंगाचं दिसलं पाहिजे. पिशवी काळपट वाटली तर आत जंतू वाढलेले असू शकतात, ती बाजूला. नव्यानं लागलेल्या पोरांना तो एवढंच शिकवायचा. शंका आली की बाजूला. विचार करत बसायचं नाही.

साक्षी धावायची. लहानपणी शाळा सुटली की दप्तर अनुपच्या गळ्यात अडकवून ती घरापर्यंत पळत जायची. तो पोचेपर्यंत तिचा चहा पिऊन झालेला असायचा. बी.ए. झाल्यावर तिनं पोलीस भरती मनावर घेतली. मैदानात मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत संपवलं की पूर्ण गुण. त्यापुढं गेलं की दोन गुण गेले. पहिल्या भरतीत ती लेखीत पडली. दुसऱ्या भरतीत लेखी चांगलं गेलं. यादी लागली, तेव्हा ती दोन गुणांनी बाहेर होती. तिची वेळ दोन चोपन्न होती.

"चार सेकंद, दादा," ती म्हणाली. "चार सेकंदात माणसाची शिंकसुद्धा धड व्हत न्हाय."

ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाटाच्या कडेच्या रस्त्यावर परत पळायला गेली. तिसरी भरती शेवटची, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. घरात तिला कोणी काही म्हणत नव्हतं. साहेबराव तर शेजाऱ्यांना आत्ताच सांगत फिरायचे, आमची फौजदारीण.

दर रविवारी अनुप मोटारसायकलवर गावी यायचा. शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ ओढायचा आणि मोबाइलवर वेळ लावायचा. अकरा महिने हे चाललं. दोन पंचावन्न. दोन चोपन्न. एकदा दोन त्रेपन्न आली, त्या दिवशी भागुबाईनं शिरा केला. पुढच्या रविवारी परत दोन चोपन्न. बूट बदलून झाले. बीट, अंडी, खजूर झालं. इंदापूरच्या एका अकॅडमीत तिनं दोन महिने काढले आणि एक दिवस पेटी उचलून घरी आली.

"का गं?" अनुपनं विचारलं.

"तितं पोरी सुया टोचून घेत्यात."

"कसल्या सुया?"

"काय म्हाईत. पण एकीला मिश्या फुटल्यात."

अनुपनं तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बारा पूर्णांक दोन. निरोगी मुलीला असावं तेवढं. कुठं काही कमी नव्हतं. दुखणं असतं तर त्याला औषध असतं. हिला दुखणंच नव्हतं.

आणि तिथंच त्याच्या डोक्यात किडा शिरला. रक्तपेढीत तो रोज बघत होता. पांढरीफटक बाई स्ट्रेचरवर यायची. एक पिशवी चढली की संध्याकाळी उठून बसून चहा मागायची. आजारी माणसाला एक पिशवी उठवून बसवते, तर धडधाकट माणसाला ती कुठवर नेईल? त्यानं मोबाइलवर वाचलं. परदेशात सायकलवाले, धावणारे हे करून गेले होते. पकडलेही गेले होते. पण भरतीच्या मैदानावर असलं काही तपासत नाहीत, हे त्याला माहीत होतं.

त्यानं साक्षीला सांगितलं, तेव्हा ती मैदानाच्या कडेला बूट झाडत बसली होती.

"मी आजारी हाय का दादा? मला कशाला रगत?"

"आजारी न्हाईस म्हणूनच. आजारी माणूस त्यानं उठून बसतो. तू पळशील."

"कुणाचं?"

"तुजंच. आता काढायचं, महिनाभर ठेवायचं. तवर अंग नवं तयार करतं. मैदानाच्या आदल्या दिवशी जुनं परत द्यायचं. बाहेरचं काय बी न्हाय."

"म्हंजे लबाडी न्हाय."

"न्हाय."

"मग आबांना सांगू?"

अनुप चुन्याची पिशवी गुंडाळू लागला. साक्षी त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं दुसरा बूट झाडायला घेतला.

रक्तपेढीतली एक रिकामी पिशवी त्यानं रजिस्टरात गळकी दाखवली. सात वर्षांतली पहिली खोटी नोंद. रविवारी दुपारी घरातल्या खाटेवर त्यानं साक्षीचं रक्त काढलं. भागुबाईला सांगितलं, मोठी तपासणी आहे. ती दारात उभं राहून म्हणाली, "तपासायला एवढं लागतं व्हय रं? मला वाटलं थेंबभर लागत असंल." साक्षी हसली. पिशवी हलली.

आता ती ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. रक्तपेढीच्या फ्रीजमधल्या प्रत्येक पिशवीला नंबर असतो. जळोचीच्या खोलीत फ्रीज नव्हता. गावात वीज कधी येईल, कधी जाईल, सांगता यायचं नाही. फक्त एका ठिकाणी ती जात नव्हती. सिद्धूच्या दूध संकलन केंद्रात.

सिद्धू अनुपचा शाळेतला सोबती. त्याच्या केंद्रात दूध थंड करायची मोठी टाकी होती, आणि टाकीसाठी जनरेटर. लाइट गेली की दोन मिनिटांत जनरेटर सुरू. बाजूला काचेच्या दाराचा एक फ्रीज होता. त्यात विकायचं दही आणि पनीर असायचं. अनुपनं थर्माकोलचा डबा चिकटपट्टीनं बंद करून आणला आणि दह्याच्या मागं ठेवला.

"काय हाय रं यात?" सिद्धूनं विचारलं.

"साक्षीचं औषध. भरतीचं. उघडू नको."

"पळायचं औषध? माज्या म्हशीला पण दे की वाईच. चार लिटरच्या म्होरं जाईना."

"तुजी म्हस तुज्यावर गेलीय."

दोघं हसले. अनुपनं फ्रीजवरचा आकडा बघितला. चार अंश. रक्ताला पाहिजे तेवढंच. तो निश्चिंत होऊन जळोचीला परतला.

तिसऱ्या आठवड्यात निरवांगीचा डीपी, विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. मंगळवारी दुपारी मोठा आवाज झाला आणि अर्धं गाव अंधारात गेलं. नवा डीपी शुक्रवारी आला. त्या चार दिवसांत अनुपनं सिद्धूला दोनदा फोन केला.

"जनरेटर चालू हाय ना?"

"हाय की! दूध नासू देतोय व्हय मी?"

सिद्धू खोटं बोलला नाही. जनरेटर चारही दिवस चालू होता. पण तो टाकीच्या लाइनवर होता. फ्रीज घरच्या लाइनवर होता. दही आणि पनीर सिद्धूनं मंगळवारीच काढून विकून टाकलं होतं. डब्याला हात लावायचा नाही, असं सांगितलं होतं. म्हणून त्यानं हात लावला नाही. चार दिवस तो डबा बंद फ्रीजच्या उबेत राहिला. शुक्रवारी लाइट आली आणि फ्रीज परत गार झाला.

मैदानाची तारीख एक आठवडा सोडून पुढच्या सोमवारची होती. पुण्याला पहाटे पाचला हजर राहायचं होतं. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, अनुप निरवांगीला गेला. फ्रीजवर चार आकडा होता. त्यानं डबा बर्फाच्या पेटीत ठेवला, साक्षीला मागं बसवलं आणि जळोचीला घेऊन आला. संध्याकाळी सातची पुण्याची एसटी पकडायची, असं ठरलं होतं. तिची पिशवी भरलेली होती. प्रवेशपत्राच्या तीन झेरॉक्स काढलेल्या होत्या.

दुपारी दोन वाजता ती त्याच्या खाटेवर आडवी झाली. अनुपनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्या खिळ्याला रक्ताची पिशवी टांगली. टांगण्याआधी खिडकीपाशी धरली.

नळी लाल होती. पिशवी किंचित काळपट होती.

त्यानं ती फिरवली. परत धरली. बाहेर ढगाळ होतं. खिडकीची काच धुळकट होती. उजेडच तसा असेल. दुसरी पिशवी नव्हती. महिनाभर मागं जाऊन परत रक्त काढता येणार नव्हतं.

"काय बगतोयस एवढं?" साक्षीनं विचारलं. "माजंच हाय ना?"

"तुजंच."

"मग लाव की."

त्यानं सुई लावली. तिला कळलीसुद्धा नाही.

वीस मिनिटांनी तिला थंडी वाजायला लागली. दात एकमेकांवर आपटू लागले. अनुपनं लगेच नळी बंद केली. अर्ध्याच्या वर रक्त गेलेलं होतं. त्यानं अंगावर दोन चादरी टाकल्या, तापाची गोळी दिली. कधी कधी एवढं होतं, हे त्यानं पाहिलं होतं. तासाभरात उतरतं. तासाभरात ती उलटी करायला उठली आणि मोरीतच बसली. कंबर मोडून आल्यासारखी दुखतेय म्हणाली. हात गार पडले होते.

"दवाखान्यात चल."

"सांगणार न्हाईस ना?"

"साक्षे, आधी चल."

"दादा, सांगितलंस तर मला मैदानावर घेणार न्हाईत. कदीच न्हाई. शपथ घे."

त्यानं मान हलवली. रिक्षा बोलावली.

दवाखान्यात ड्यूटीवर डॉक्टर राजलक्ष्मी होत्या. त्या अनुपला ओळखायच्या. किती तरी वेळा त्यांनी फोन केला होता आणि त्यानं पिशवी पोचवली होती. चार वाजले होते. त्यांनी रक्तदाब बघितला आणि कपाळाला आठी पडली.

"काय झालं हिला?"

"ऊन लागलं मॅडम," साक्षी म्हणाली. "सकाळी पळत व्हते."

"काही घेतलंस का? इंजेक्शन, पावडर? हल्ली भरतीची मुलं काहीही घेतात. खरं सांग."

"न्हाय मॅडम."

डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात बघितले. अनुपनं सुई इतकी नीट घातली होती की लालसर ठिपकासुद्धा शोधावा लागला असता. मग त्यांनी अनुपकडं बघितलं.

"अनुप?"

"नाही," तो म्हणाला.

सलाइन लागलं. रक्त तपासायला गेलं. साक्षी डोळे मिटून पडली. मधूनच विचारायची, किती वाजले. पाचला तिनं विचारलं, सातची गाडी मिळेल का. अनुप म्हणाला, मिळेल. रक्त चढवल्यावर होणारे नेहमीचे प्रकार तो आठवत होता. साधी थंडी. साधा ताप. तिचंच तर रक्त होतं. तिचंच तिला कसं बाधेल?

सहा वाजता सिद्धूच्या पिकअपमधून साहेबराव आणि भागुबाई आले. भागुबाई आत लेकीपाशी गेली. साहेबराव बाकावर टेकले आणि हातातली टोपी उगाच उलटीसुलटी करत राहिले. सिद्धूनं अनुपला भिंतीकडं ओढलं.

"त्या औषदानं तर न्हाय ना झालं?"

"का?"

"न्हाय, चार दिस फ्रीज बंद व्हता म्हणून म्हणलं. औषद गरम झालं आसंल."

अनुपला आधी समजलंच नाही. "जनरेटर चालू व्हता म्हणालास."

"जनरेटर टाकीला रं. फ्रीजला कशाला? दही मी पयल्याच दिवशी काढून टाकलं व्हतं की."

पुढचं सिद्धू काय बोलला ते अनुपला आठवत नाही. तो डॉक्टरांच्या खोलीत गेला. दार वाजवलं नाही. समोर एक म्हातारं जोडपं बसलेलं होतं. त्यांच्यासमोरच त्यानं सगळं सांगितलं. काढलेलं रक्त, डबा, फ्रीज, डीपी.

"किती वाजता दिलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोनला."

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. डॉक्टर उठल्या होत्या. दारात थांबल्या.

"रंग बघितला होतास?"

"बघितला."

"मग?"

"काळपट होता."

त्यांनी दार ढकललं. धावत वॉर्डाकडं गेल्या. नर्सला औषधांची नावं सांगतानाचा त्यांचा आवाज लांबपर्यंत येत होता. जळोचीच्या खोलीतली उरलेली पिशवी आणायला त्यांनी माणूस पाठवला. साक्षीला आयसीयूत हलवलं. ढकलत नेताना तिनं अनुपचा शर्ट धरला.

"सांगितलंस?"

"व्हय."

तिनं शर्ट सोडला. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. रागानं की ताकद नव्हती म्हणून, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

सोमवारी सकाळी सव्वाअकराला साक्षी गेली.

निरवांगीत अंत्ययात्रेला सगळी पांढरे कपडे घालून आली. वरच्या आळीतली माणसंही आली. शिबिरात रक्त दिलेली माणसं अनुपच्या जवळून जाताना खाली बघत होती. सिद्धू विहाराच्या पायरीवर बसून ढसाढसा रडत होता. "मी इचाराय पायजे व्हतं," एवढंच म्हणत होता. अनुप त्याच्याजवळ गेला.

"तू खरं तेच सांगितलंस. मीच नीट इचारलं न्हाय."

साहेबराव दोघांकडंही बघत नव्हते. सातव्या दिवशी त्यांनी अनुपला एकच प्रश्न विचारला. "ती चालती-बोलती व्हती ना रं? तिला काय झालं व्हतं, म्हणून तू उपाय केलास?" अनुप उभा राहिला. मग घराबाहेर पडला. रक्तपेढीनं त्याला आधीच काढून टाकलं होतं. जळोचीची खोलीही सुटली होती.

पोलिसांनी जबाबासाठी बोलावलं. नात्यातल्या एका वकिलानं त्याला समजावलं होतं, जेवढं विचारतील तेवढंच बोल. ठाण्यात त्याचा जबाब एका महिला शिपायानं घेतला. नाव सुप्रिया. साक्षीच्याच वयाची असेल. वर्दी नवी होती, बाह्यांना कडक इस्त्री. लिहिताना ती ओळ संपली की पेन क्षणभर उचलून धरायची.

नाव, वय, शिक्षण झालं. पिशवी कुठून आणली, झालं.

"कशासाठी केलं हे?"

"भरतीसाठी. आठशे मीटरची वेळ कमी करायची होती."

"किती येत होती?"

"दोन चोपन्न."

तिचं पेन थांबलं. तिनं मान वर केली.

"किती?"

"दोन चोपन्न. दोन पन्नासच्या आत पाहिजे होती."

तिनं पेन कागदावर ठेवलं. शेजारच्या टेबलावरचा हवालदार फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होता. तो ऐकत नाही, याची तिनं खात्री करून घेतली. मग खालच्या आवाजात, स्वतःची चूक कबूल करावी तशी, म्हणाली, "माझी दोन सत्तावन्न होती."

अनुपनं खुर्ची पुढं ओढली.

"मग झालं कसं?"

"धावणं वाढेना म्हणून गोळा वाढवला. तीन महिने गोळाच टाकला. आणि लेखीत निघालं." ती घुटमळली. "तुमची बहीण गोळा कसा टाकायची?"

अकरा महिने अनुप दर रविवारी मैदानावर उभा होता. गोळा साक्षी एकटीच टाकायची, तो यायच्या आधी किंवा गेल्यावर. त्यानं तो कधी मोजला नव्हता.

"माहीत नाही," तो म्हणाला.

सुप्रियानं वेळ लिहिली. दोन मिनिटं चोपन्न सेकंद. खाली बोट ठेवून परत वाचली.

"पुढं सांगा," ती म्हणाली.

त्याला पुढचं सगळं आठवत होतं, घड्याळातल्या वेळेसकट. "पिशवी खिडकीपाशी धरली," एवढंच तो म्हणाला. ती पेन धरून थांबून राहिली.